पफिन दाखवतो म्हणाले आणि रिकामी बिळं दाखवली

आम्हाला आइसलंडला पफिन दाखवतो म्हणून नेणाऱ्या टूरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर परवा तोच फोटो पुन्हा दिसला. लालकेशरी चोचीचा पफिन हा समुद्रपक्षी, तोंडात चार-पाच चंदेरी मासे, खाली ‘आइसलंड पफिन स्पेशल, शेवटच्या सहा जागा’ आणि तारीख ऑक्टोबरची. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर झालेली शोभा चारचौघांत सांगायची हौस कुणाला असते?

हे टूरवाले साडूंच्या ओळखीतले. आम्ही दोघं आणि साडू-मेहुणी असे चौघं. आइसलंडच्या सहलीत ‘पफिन डे’ वेगळा विकत घ्यायचा होता: दक्षिणेकडच्या हेमाए बेटावर ‘खासगी बोटीने’ नेणार, माणशी 24,000 रुपये. मी दोनदा विचारलं, सप्टेंबरअखेर पक्षी असतात ना? उत्तर आलं, “साहेब, जगातली सगळ्यात मोठी पफिन वसाहत आहे तिथे. डोळे मिटून या.” त्यातलं वसाहतीचं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो.

26 सप्टेंबरला लँडेयाहोफ्न बंदरात उतरलो तर ‘खासगी बोट’ म्हणजे सगळ्यांसाठीची रोजची फेरीबोट. पोटात गाड्या, मालाचे ट्रक, वर शाळेची पोरं आणि आम्ही. ड्रायव्हरने हातात ठेवलेल्या तिकिटांवर किंमत छापलेली होती. जाऊन-येऊन धरलं तरी आमच्याकडून घेतलेल्या पैशांच्या पाचव्या हिश्श्याएवढीही नव्हती. बायको म्हणाली, जाऊ दे, पक्षी तर दिसतील.

पाऊण तासाच्या आत बेट आलं. गाव मात्र बघण्यासारखं आहे, खोटं कशाला बोलू. मासेमारीवर जगणारं टुमदार बंदर आणि मागे एल्डफेल, 23 जानेवारी 1973 च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटून उभा राहिलेला ज्वालामुखी. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरात थांबलेल्या होत्या, त्यांतूनच माणसं रातोरात बाहेर काढली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवेल म्हणून त्यावर समुद्राचं पाणी मारत राहिले. बंदर वाचलं.

तर स्टोरहोफ्दीच्या कड्यावर गेलो. पक्षी बघायला बांधलेली लाकडी खोपी, बाहेर वारा असा की साडूंची टोपी गेली ती गेलीच. गवताच्या उतारावर बिळंच बिळं. तोंडाशी माती उकरलेली, एखादं पांढरं पीस अडकलेलं, आणि आजूबाजूला मेंढ्या चरताहेत. दीड तास थांबलो. मेंढ्याच दिसल्या.

बंदरावर जाळी आवरणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो हसलाच. पफिन एप्रिल-मेमध्ये विणीला किनाऱ्यावर येतात आणि ऑगस्ट सरता सरता समुद्रावर निघून जातात. मागे राहिलेली पिल्लं रात्री गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात, तेव्हा इथली मुलं ती पुठ्ठ्याच्या खोक्यांत गोळा करून दुसऱ्या दिवशी समुद्रावर सोडतात. तेही संपलेलं होतं.

तिथूनच टूरवाल्यांना फोन लावला. तिकडे दुपारचे बारा, पुण्यात साडेपाच. “निसर्ग आहे साहेब, आपल्या हातात थोडंच असतं? पावतीच्या मागे बघा.” मागे बारीक अक्षरांत होतं: ‘वन्यजीव दिसण्याची हमी नाही.’

ही ओळच खरी मेख आहे. वाघ असलेल्या जंगलात वाघ दिसला नाही तर ती ओळ मान्य. पण दिवाळीत भंडारदऱ्याला काजवे दाखवतो म्हणून पैसे घ्यायचे आणि वर ‘हमी नाही’ म्हणायचं, ही लबाडीच. बुकिंग करताना मी नुसतं ‘पफिन कधी येतात’ एवढं शोधलं असतं तरी पाच मिनिटांत कळलं असतं. चौघांचे 96,000 गेले ते ओळखीच्या भरवशावर. पैसेही कंपनीच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या यूपीआयवर दिलेले, जीएसटीचं बिल नाहीच.

परत आल्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्ष्यांचं भांडण लांबेल, पण ‘खासगी बोट’ असं त्यांनीच लिहिलेले मेसेज आणि फेरीबोटीची तिकिटं माझ्याकडे होती. तिकिटं मी फेकून दिली नव्हती, एवढाच शहाणपणा. त्या जोरावर चौघांचे मिळून 40,000 परत आले. उरलेल्या 56,000 साठी ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. साडू म्हणतात, सोडून दे, ओळखीतला आहे.