पणजी की पर्वरी? आधी रस्ते बघा

गोव्यात राहायला पणजी बरी की मांडवी नदीपलीकडची पर्वरी, हे नुसत्या भाड्यावरून ठरवू नका, रस्ते बघा. पणजी १८४३ ला गोव्याची राजधानी झाली, पाणथळ जागा भरून सरळ काटकोनातले रस्ते आखले गेले, त्यामुळे आजही चर्च स्क्वेअर, गार्सिया द ओर्ता गार्डन, मग मांडवीचा काठ, सगळं पायी फिरता येतं. जोराचा पाऊस नि भरती एकदम आली की मात्र १८ जून रोडला पाणी, ते आहेच. पर्वरी पठारावर, हवा मस्त, पाणी तुंबायचं टेन्शन कमी, पार्किंगही मिळतं. पण हायवे गावाच्या मधोमध गेलाय, समोरच्या फार्मसीत जायला स्कूटर काढायची म्हणजे काय! आपलं मत पणजीला, पार्किंगला शिव्या घालत का होईना.