म्युझिक प्लेअर आणि स्पीकर: जोडी जमते कुठे आणि बिघडते कुठे

स्पीकर घेताना बहुतेकांची नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते आणि प्लेअर घेताना जीबीच्या. हे आकडे बघायलाच हवेत, पण त्याआधी या दोघांची गाठ कशी पडणार ते ठरवायला हवं. वायरीने, डॉकने (ज्याच्या खोबणीत प्लेअर थेट बसतो असा स्पीकर) की ब्लूटूथने? चांगला प्लेअर आणि चांगला स्पीकर असूनही आवाज बेचव येतो, खरखरतो किंवा मध्येच तुटतो, तेव्हा दोष बहुधा मधल्या जोडणीत असतो. आणि काही वर्षांनी चालू स्थितीतला स्पीकर अडगळीत जातो तोही जोडणीमुळेच.

डॉकचंच बघा. आयपॉडला ३० पिनांचं कनेक्टर २००३ मध्ये आलं आणि त्याभोवती स्पीकर डॉकची मोठी बाजारपेठ उभी राहिली. बोसचा साउंडडॉक २००४ चा, ॲपलचा स्वतःचा आयपॉड हाय-फाय २००६ चा. डॉकचा आवाज चांगला यायचा त्याला ठोस कारण होतं: त्या पिनांमधून लाइन-आउट मिळायचं. प्लेअरचं व्हॉल्यूम कमी असो की जास्त, सिग्नल ठरावीक पातळीचाच बाहेर पडायचा आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर वाटेत यायचाच नाही. पण २०१२ मध्ये लाइटनिंग कनेक्टर आलं आणि हे सगळे डॉक एका फटक्यात जुने झाले. चार्जिंगची अडचण तर त्याही आधी सुरू झाली होती. सुरुवातीचे डॉक फायरवायरच्या (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीच्या) पिनांवरून सुमारे १२ व्होल्ट द्यायचे. २००८ मधल्या आयफोन ३जी, दुसऱ्या पिढीचा आयपॉड टच आणि चौथ्या पिढीच्या नॅनोपासून ती सोय काढून टाकली गेली. त्यामुळे हे प्लेअर जुन्या डॉकवर वाजतात, पण चार्ज होत नाहीत. डॉक बिघडला असं समजून लोक तो टाकून देतात.

घरात असा डॉक पडून असेल तर टाकण्याआधी त्याची मागची बाजू बघा. तिथे ३.५ मिमीचं ऑक्स इनपुट (वायरीने बाहेरचा आवाज घेणारं सॉकेट) असेल तर प्रश्नच मिटला. आयपॉड हाय-फायला असं इनपुट आहे, म्हणून तो आजही कुठल्याही प्लेअरला लावता येतो. इनपुट नसेल तर ३० पिनांत बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. मात्र असे बरेच रिसीव्हर ५ व्होल्टवर चालतात. फक्त फायरवायरची वीज देणाऱ्या डॉकवर त्यांचा दिवाच लागत नाही, म्हणून परत करता येईल असाच घ्यावा. लाइटनिंगचा आयपॉड टच असेल तर ॲपलचा लाइटनिंग-ते-३०-पिन ॲडॅप्टर ॲनालॉग आवाज पुढे पाठवतो. स्वस्तातले नकली ॲडॅप्टर पुष्कळदा फक्त चार्ज करतात.

आता प्लेअर. आयपॉड टचचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि तो वंश संपला. क्लासिक त्याआधी, २०१४ मध्येच गेला. १६० जीबीचा क्लासिक आजही हौसेने वापरला जातो, पण त्यात १.८ इंचाची फिरती हार्ड डिस्क आहे आणि बिघडते ती हीच. गाणं सुरू होताना टक-टक आवाज येऊ लागला की डिस्क जायला आली असं समजावं. तिच्या जागी एसडी कार्डाचा ॲडॅप्टर बसवता येतो; त्याने वजन कमी होतं आणि बॅटरीही जास्त पुरते. पाठ उघडताना कडेच्या धातूच्या पकडी वाकतात आणि बॅटरीची नाजूक रिबन पाठीला जोडलेली असते, म्हणून दोन्ही भाग ओढून वेगळे करायचे नाहीत.

साध्या बटणांचा प्लेअर हवा असेल तर सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस सेकंडहँड मिळाला तरी घेण्यासारखा आहे. मायक्रोएसडीचा खाचा, एफएम रेडिओ, आणि हेडफोन आउटपुटचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) जेमतेम १ ओहमच्या आसपास. अधिकृत मर्यादा ३२ जीबीची, पण मोठं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं तर चालतं. नवं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं, म्हणून तसंच घातलं तर दिसत नाही. प्लेअरवर रॉकबॉक्स हे मोफत फर्मवेअर (प्लेअर चालवणारं सॉफ्टवेअर) चढतं आणि फोल्डरनुसार गाणी लावता येतात. मूळ फर्मवेअरमध्ये नेहमी अडतं ते ‘रिफ्रेशिंग’च्या पट्टीवर: एखाद्या फाइलचा टॅग (फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती) खराब असला की पट्टी तिथेच लटकते. मॅकवरून कॉपी केल्यास टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही कार्डावर येतात आणि प्लेअर त्यांना गाणी समजतो. त्या आधी पुसा. टॅग आयडी३ च्या २.३ आवृत्तीत ठेवले तर जुने प्लेअर कुरकुर करत नाहीत. देवनागरी नावांची मात्र यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका. फॉन्टच नसल्यामुळे चौकोन दिसतात.

शानलिंगचा एम० हा प्लेअर काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही. १.५४ इंचाचा टचस्क्रीन, आत साठवण अजिबात नाही, सगळं मायक्रोएसडीवर. त्याचा खरा गुण पुष्कळांच्या लक्षात येत नाही: त्याचं ब्लूटूथ दोन्ही बाजूंनी चालतं. फोनवरचं गाणं एलडॅकने (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवायची पद्धत) घ्यायचं आणि ३.५ मिमीच्या वायरीने जुन्या स्पीकरला द्यायचं, हे काम तो उत्तम करतो. एवढ्या छोट्या पडद्यावर लांबलचक यादी सरकवणं मात्र कष्टाचं आहे.

सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा २०२३ चा अँड्रॉइड प्लेअर. कडेला खरी बटणं, ३.५ मिमीचं सॉकेट, यूएसबी-सी, एलडॅक. ४४.१ किलोहर्ट्झच्या फ्लॅकवर (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींवर) ३६ तासांचा दावा कंपनी करते. वाय-फाय चालू ठेवून स्ट्रीमिंग केलं की आकडा बराच खाली येतो. आतल्या ३२ जीबीतला मोठा वाटा सिस्टिमच खाते, म्हणून कार्डाचा खर्च किमतीत धरूनच चाला. फ्लॅकचं चार मिनिटांचं गाणं साधारण २५ ते ३० एमबी घेतं, ३२० केबीपीएसचं एमपी३ दहाच्या आत. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर फ्लॅकची दोन हजारांच्या वर गाणी बसतात. रोजच्या वापरासाठी, वायर आणि ब्लूटूथ दोन्ही हवं असेल तर, या चारांत हाच निवडावा.

वायरीची जोडणी सगळ्यात सोपी वाटते आणि चुकाही तिथेच जास्त होतात. प्लेअर आणि स्पीकर दोघांनाही व्हॉल्यूम असतो. प्लेअर निम्म्यावर ठेवून स्पीकर पूर्ण चढवला तर स्पीकर प्लेअरचा सूं-सूं आवाजही तेवढाच मोठा करतो. उलट प्लेअर अगदी टोकाला नेला तर स्पीकरचं इनपुट भरून जातं आणि जोरकस जागी आवाज फाटतो. प्लेअर ८० ते ८५ टक्क्यांवर आणून सोडून द्या, पुढचं कमी-जास्त स्पीकरवर करा. वीजजोडणीच्या स्पीकरला प्लेअर लावून त्याच वेळी प्लेअर चार्जिंगला ठेवला की ‘हम्म’ असा सततचा घुमारा येतो. तो ग्राउंड लूप, म्हणजे चार्जर आणि स्पीकर यांच्या ग्राउंडमधून फिरणारी नको ती वीज. चार्जर काढून बघा; घुमारा थांबला तर निदान पक्कं. चार्जिंग चालूच ठेवायचं असेल तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका.

आणखी एक गंमतशीर दोष. गाणं वाजतं, पण गायक गायब; मागची वाद्यं आणि गायकाची फक्त गूंज ऐकू येते. स्पीकर अजिबात बिघडलेला नसतो. ३.५ मिमीच्या पिनेवर टोक, मधलं कडं आणि बूड असे तीन भाग असतात. टोक डावा, कडं उजवा, बूड ग्राउंड. पिन मिलिमीटरभर बाहेर राहिली आणि बुडाचा संपर्क तुटला, तर डाव्या-उजव्यातला फरक तेवढा पुढे जातो. गायक दोन्हींत सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. बहुतेक वेळा कारण प्लेअरच्या कव्हरचं असतं: भोक लहान, पिनेचा दांडा जाड. कव्हर काढा किंवा सडपातळ दांड्याची वायर घ्या. ४.४ मिमीचं बॅलन्स्ड सॉकेट (दोन्ही चॅनेलच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणारं) असलेले प्लेअरही आहेत. त्यातून साध्या ॲडॅप्टरने ऑक्सला कधीही जोडू नका. त्यात दोन्ही चॅनेलच्या ऋण वायरी एकत्र शॉर्ट होतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो.

ब्लूटूथवर एसबीसी हा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) सगळ्यांनाच येतो, चांगल्या सेटिंगला ३२८ केबीपीएसपर्यंत. एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० अशा तीन पायऱ्यांवर चालतो, पण प्लेअर आणि स्पीकर दोघांनाही तो यायला हवा. एकाला येत नसेल तर मुकाट्याने एसबीसी किंवा एएसी चालू होतो. ९९० चा हट्ट धरला तर प्लेअर खिशात गेल्यावर आवाज तुटतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. सेटिंगमध्ये ‘कनेक्शनला प्राधान्य’ ठेवा. तळहाताएवढ्या स्पीकरवर कोडेकचा फरक कळत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

स्पीकरमध्ये जेबीएलची तुलना सगळ्यांत जास्त विचारली जाते. फ्लिप ४ आणि चार्ज ४ ला ऑक्स इनपुट होतं. फ्लिप ५ आणि चार्ज ५ पासून ते काढलं. म्हणजे सान्सा किंवा क्लासिकसारख्या ब्लूटूथ नसलेल्या प्लेअरला नवा स्पीकर थेट लागतच नाही; मध्ये ब्लूटूथ ट्रान्समीटर हवा आणि तोही वेगळा चार्ज करत बसायचा. जुन्या प्लेअरवाल्याने जुना फ्लिप ४ शोधणं जास्त शहाणपणाचं. दोन स्पीकर एकत्र वाजवायचे असतील तर डबा नीट वाचा: कनेक्ट प्लस आणि पार्टीबूस्ट या जेबीएलच्या स्पीकर जोडायच्या दोन पद्धतींचं एकमेकांशी जमत नाही.

वॅटच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. शक्ती दुप्पट केली तर ३ डेसिबलच वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. २० वॅटच्या जागी ३० वॅट घेतल्याने जेमतेम पावणेदोन डेसिबल पदरात पडतात. त्यापेक्षा दुकानात तबला असलेलं एक ओळखीचं गाणं लावा. निम्म्या आवाजात डग्ग्याची घुमक भरीव येते का ते ऐका, मग नव्वद टक्क्यांवर न्या. लहान स्पीकरमधला प्रोसेसर पडदा फाटू नये म्हणून मोठ्या आवाजाला बास कापतो. घुमक किती उरते यावर स्पीकर ठरवा. घरी भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला तर बासला आधार मिळतो, कोपऱ्यात कोंबला तर तोच आवाज ढबढब होतो. दोन्ही टोकांना पॅसिव्ह रेडिएटर (बाससाठी हलणारे, वीज नसलेले पडदे) असतील तर ती टोकं मोकळी राहू द्या.

स्पीकरच्या डब्यावरचं आयपी६७ म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स७ मध्ये धुळीची चाचणी मोजलेलीच नसते. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी या हिशोबात नाही. पोर्ट ओला असताना चार्जर लावला तर पिना गंजतात.

यूएसबी-सीचा स्वस्त स्पीकर दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीने चार्ज झाला नाही तर लगेच परत करू नका. उत्पादकाने ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवलेले नसले की सी-चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी-ए असलेली वायर लावली की चार्जिंग सुरू होतं. महिनोन्‌महिने वापर नसेल तर प्लेअर आणि स्पीकर दोन्ही अर्धे चार्ज करून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पार रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर तिचं संरक्षक सर्किट ती बंद करून टाकतं, आणि मग चार्जर लावूनही दिवा लागत नाही.