फॉल सिलिंगच्या भेगा बुजवायला काय घ्यावं? कागदी टेपपासून पुट्टीपर्यंत पाच वस्तूंचं परीक्षण

दिवाळीआधी रंगकाम काढलं की फॉल सिलिंगच्या जिप्सम बोर्डांमधल्या भेगांवर पुट्टीचा एक हात फिरवायचा, घासायचं आणि वरून प्रायमर मारायचा, ही नागपुरातली सरसकट पद्धत. दिवाळीत छत गुळगुळीत दिसतं. मे महिन्यात तीच भेग त्याच रेषेत परत उघडते. या कामासाठी बाजारात मिळणाऱ्या पाच वस्तू इथे एकाच कसोटीवर पारखल्या आहेत: आपला उन्हाळा आणि पावसाळा सोसून जोड मिटलेला राहतो का?

आधी भेग कशाची आहे ते ओळखा. बोर्डाच्या जोडावरची भेग सरळ जाते आणि चार किंवा सहा फुटांवर तशीच दुसरी सापडते, कारण बोर्ड बहुतेक 6 बाय 4 फुटांचे असतात. वरच्या मजल्यावर स्लॅब आणि फॉल सिलिंगमधली पोकळी उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. बोर्ड ज्या फ्रेमला बसवतात तिचा चार मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा) चॅनल 30 अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत इथे एवढा फरक सहज पडतो. त्यात कूलर. खिडकी बंद ठेवून तो दिवसभर चालवला की खोलीतली ओल वाढते, बोर्ड किंचित फुगतो आणि नंतर आकसतो. या ओढाताणीत सगळ्यात कमजोर जागा, म्हणजे जोड, सुटतो. कूलरसमोरची एक खिडकी उघडी ठेवणं हा अर्धा इलाज आहे.

कुठलाही माल लावण्याआधी भेगेच्या दोन्ही बाजूंना तळहाताने दाबून बघा. बोर्ड हलत असेल तर टेप आणि कंपाउंड (जोड भरायचा माल) दोन्ही वाया जाणार. 25 मिमीचे काळे ड्रायवॉल स्क्रू साधारण 230 मिमी अंतरावर, बोर्डाच्या कडेपासून 10 ते 15 मिमी आत मारून घ्या. स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या कागदाच्या जरा खाली बसावं, पण कागद फाटू नये. कागद फाटला की त्या स्क्रूची पकडच संपते. मग तो काढून जरा बाजूला दुसरा मारायचा. पंखा स्लॅबच्या हुकाला टांगला आहे की फ्रेमला, हेही बघून घ्या. फ्रेमला असेल तर पंख्याभोवतीची भेग कुठल्याच मालाने थांबणार नाही.

कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड: 5 पैकी 4.5

बोर्डाच्या सपाट जोडासाठी हीच जोडी घ्यावी. साधारण 50 मिमी रुंदीचा हा कागद ताणाला सहजी दाद देत नाही. मधोमध घडीची रेष असते, त्यामुळे आतल्या कोपऱ्यातही तो नीट बसतो. जिप्रॉकसारख्या बोर्ड कंपन्यांचं जॉइंटिंग कंपाउंड याच कामासाठी बनवलेलं असतं.

जुनी सुटलेली टेप कटरने कापून पूर्ण काढा. भेग साधारण 3 मिमी रुंद व्ही आकारात कोरून ब्रशने धूळ झाडा. कोरलेली खाच कंपाउंडने भरा, मग 100 मिमी रुंद पट्टा ओढून त्यावर टेप ठेवा आणि पुट्टीची पत्ती तिरकी धरून मधून टोकांकडे दाबत न्या. टेपखाली साधारण 1 मिमी माल राहिला पाहिजे. कारागीर घाईत इथे जास्त दाबतो, खालचा सगळा माल बाहेर येतो आणि टेप कोरडीच चिकटल्यासारखी दिसते. नागपूरच्या कोरड्या हवेत आणखी एक अडचण येते: कागद कंपाउंडमधलं पाणी पटकन ओढून घेतो आणि फुगे धरतो. म्हणून टेप पाण्यातून काढून, निथळून लावावी. वाळल्यावर बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा कापून पुन्हा लावा; वरून माल थापून फुगा बसत नाही.

दुसरा हात 200 मिमी रुंद, तिसरा 300 मिमी. दोन हातांत 24 तास, हवा दमट असेल तर त्याहून जास्त वेळ. लवकर वाळावं म्हणून पंखा थेट जोडावर सोडू नका, माल आकसून केसासारख्या चिरा पडतात. 150 नंबरच्या पेपरने हलक्या हाताने घासा, शेवटी 220. घासताना एन95 मास्क हवाच, कारण ही भुकटी फार बारीक असते. अर्धा गुण कापला तो फक्त वेळेसाठी: नीट केलेलं काम तीन-चार दिवस घेतं.

जाळीची टेप: 3

ही स्वतःच चिकटते, फुगे येत नाहीत, काम झपाट्याने होतं. म्हणूनच ठेकेदारांना ती आवडते. मात्र ती कागदापेक्षा जास्त ताणली जाते. तिच्यावर पावडरमध्ये पाणी घालून बनवायचं, आपोआप घट्ट होणारं कंपाउंड वापरलं तर जोड ठीक राहतो. बादलीतला तयार माल वापरला तर बऱ्याचदा भेग जाळीच्या रेषेवरच परत येते. जुनी लाइट काढलेल्या जागेचं भोक किंवा एसीच्या पाइपभोवतीचं ठिगळ यासाठी मात्र जाळीच सोयीची.

अ‍ॅक्रिलिक सीलंट: 4

फॉल सिलिंग जिथे भिंतीला भिडतं, तिथे टेप, पुट्टी काहीच लावू नका. भिंत आणि छत वेगवेगळे हलतात. घट्ट माल तिथे तडकणारच. जुना माल कोरून 5 मिमीची फट मोकळी करा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि अ‍ॅक्रिलिक सीलंट भरून ओल्या बोटाने ओढून घ्या. 5 बाय 5 मिमीच्या फटीला 300 मिलिची नळी हिशेबाने 12 मीटर जाते. 10 बाय 12 फुटांच्या खोलीचा घेर 13.4 मीटर होतो, म्हणजे दोन नळ्या आणाव्या लागतात. दुकानदार सिलिकॉन पुढे करेल, घेऊ नका. सिलिकॉनवर इमल्शन रंग बसत नाही, आणि ते लागलेली जागा नंतर साफ करणं फार त्रासाचं काम आहे.

अ‍ॅक्रिलिक क्रॅक पेस्ट: 4, पण प्लास्टरसाठी

ही विटांच्या भिंतीवरच्या भेगांची वस्तू. डॉ. फिक्सिट क्रॅक-एक्स पेस्ट 5 मिमीपर्यंतच्या भेगांसाठी आहे. भेग कोरा, धूळ काढा, जागा किंचित ओली करा आणि दोन हातांत भरा, कारण पाण्यातला माल वाळताना बसतो. 3 मिमी रुंद आणि 5 मिमी खोल भेगेला मीटरमागे फक्त 15 मिलि लागते. उगाच मोठा डबा घेऊ नका. बीम आणि विटांच्या जोडावर आडवी लांबलचक भेग असेल तर नुसती पेस्ट पुरत नाही. तेवढ्या पट्टीचं प्लास्टर काढून जाळी ठोकून परत करावं लागतं.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी भेग मात्र रंगवायची घाई करू नका. काळ्या मातीवरच्या घरांत पाया पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात बसतो. भेगेच्या टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. ते आज आत जात नसेल आणि दोन महिन्यांनी जाऊ लागलं, तर पेंटरआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी: प्लास्टरवर 4, बोर्डाच्या जोडावर 1

बिर्ला व्हाइट वॉलकेअरसारखी पुट्टी दोन पातळ हातांत संपूर्ण भिंत सपाट करायला उत्तम. ती भेग भरायचा माल नाही. बोर्डाच्या कागदावर तिची पकड कच्ची, आणि वाळल्यावर ती अजिबात लवचिक राहत नाही. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवा. घट्ट झाल्यावर वरून पाणी घालून सैल केलेली पुट्टी पुढे पावडर सोडते. पीओपीचंही तेच: पंधरा-वीस मिनिटांत सेट होतं म्हणून कारागीर खूश, पण जोडावर ते ठिसूळच.

खरेदीसाठी रंगाच्या दुकानापेक्षा फॉल सिलिंगचा माल विकणाऱ्याकडे जा, इतवारीत असे दुकानदार सापडतात. पॅकिंगची तारीख बघा, आणि पावडरची पिशवी बाहेरून दाबून बघा. पावसाळ्यात पडून राहिलेल्या मालात गुठळ्या लागतात. असली पिशवी परत करा.

पेंटरशी मजुरी ठरवताना जोडाचं काम स्क्वेअर फुटात धरू नका, रनिंग फुटावर (जोडाच्या लांबीवर) वेगळं ठरवा, आणि किती हात द्यायचे तेही लिहून घ्या. सगळं स्क्वेअर फुटात गेलं की तिसरा हात गायब होतो. रंगाआधी जोडावर आणि बाकी बोर्डावर सारखाच प्रायमर लागला पाहिजे. तो चुकवला तर भेग नसतानाही जोडाच्या जागी फिकट पट्टा उमटतो, आणि संध्याकाळी तिरका उजेड पडला की तो लांबूनही ओळखू येतो.