फॅसिझमला विरोध: रस्त्यावर उतरून की आहे तिथेच नकार देऊन?

रविवारी आझाद मैदानातल्या निदर्शनाला जायचं की त्यापेक्षा युनियन, शाळा, हाउसिंग सोसायटी असल्या ठिकाणी माणसं जोडायची, हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, आधीच सांगून टाकतो.

रस्त्याचं म्हटलं की लंडनची केबल स्ट्रीट आठवते. ४ ऑक्टोबर १९३६ ला ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता मोस्ली, त्याचे काळे शर्टवाले ईस्ट एंडच्या ज्यू वस्तीतून मोर्चा नेणार होते, पोलीस त्यांना वाट करून देत होते, तर ज्यू रहिवासी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट सगळ्यांनी मिळून रस्ता अडवला आणि मोर्चा माघारी फिरला. रिझल्ट एका दिवसात, तोही सगळ्यांना दिसेल असा. पण अटक झाली ती बहुतेक विरोधकांनाच, आणि आठवड्याभरातच माइल एंडला ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटल्या. नंतर राजकीय गणवेशावर बंदी घालणारा कायदा आला खरा, पण त्याच कायद्याने मोर्चे रोखायचे जास्तीचे अधिकारही पोलिसांना मिळाले.

आता नॉर्वे. देश जर्मनीच्या ताब्यात होता, आणि १९४२ मध्ये नाझींच्या मर्जीतला तिथला सत्ताधारी क्विसलिंग याने शिक्षकांना सक्तीच्या संघटनेत ओढायचं ठरवलं. हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची पत्रं पाठवली, आम्ही येणार नाही म्हणून. हजाराच्या वर शिक्षक उचलले, शेकडोंना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीला धाडलं, पालकही पत्रं लिहायला लागले, शेवटी क्विसलिंगलाच ती योजना गुंडाळावी लागली. ना घोषणा ना गर्दी, पण हिंमत रस्त्यापेक्षा जास्तच लागली असणार, कारण इथे प्रत्येक कागदावर तुमचं नाव असतं!

(संसदेवर बहिष्कार हाही एक मार्ग. १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्तीच्या खुनानंतर इटलीतल्या विरोधकांनी तो करून बघितला, मुसोलिनीला रान मोकळं मिळालं. सोडा तो.)

जर्मनीत तर रस्त्यावर दोघंही होते, सोशल डेमोक्रॅटांची आयर्न फ्रंट आणि कम्युनिस्टांची अँटिफाशिस्टिशे अ‍ॅक्शन, पण कम्युनिस्ट पहिल्यांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणायचे. नोव्हेंबर १९३२ ला दोघांच्या मिळून २२१ जागा, नाझींच्या १९६, आणि जानेवारीत चॅन्सलर कोण तर हिटलर. म्हणून कुठलाही ग्रुप जॉइन करण्याआधी तो शेजारच्या ग्रुपशी बोलतो का हे बघा, बाकी झेंडा कुठला ते नंतर.

नोकरी पर्मनंट असेल आणि युनियन जिवंत असेल तर नॉर्वेवाला मार्ग घ्या. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर एकट्याने सही करू नका, चार जण जमेपर्यंत थांबा, तोवर मोर्चातली गर्दीच जास्त सेफ.