मंचावर घडणारी गाणी : ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे

ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन रॉक गायक मला प्रथम भेटला तो पुण्यात, ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या १९८४ सालच्या अल्बमच्या कॅसेटवर, आणि पुढची कितीतरी वर्षे तेवढ्याच बळावर आपण त्याला ओळखतो असे मी धरून चाललो होतो. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत येऊन एडिसनला स्थायिक झाल्यावर, ज्या फ्रीहोल्डमध्ये तो वाढला ते गाव घरापासून फार लांब नाही हे कळले, तेव्हा कौतुक वाटले. पण खरा धक्का बसला तो एका शेजाऱ्याने त्याची १९७८ सालची क्लीव्हलँडची मैफल ऐकवली तेव्हा. मी ज्याला गायक समजत होतो त्याचे फक्त रेखाटन माझ्या कपाटात होते, हे त्या तीन तासांत लक्षात आले. त्यानंतर त्याच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे मी नेमाने घेत आलो आहे, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण लिहितो आहे.

स्प्रिंगस्टीनच्या मैफली पूर्वी दोनच मार्गांनी हाती लागत. एक म्हणजे कंपनीने काढलेले मोजके अधिकृत संच, आणि दुसरा म्हणजे चाहत्यांनी हातोहात फिरवलेली बूटलेग, म्हणजे परवानगीवाचून केलेली, ध्वनिमुद्रणे. २०१४ पासून मात्र नग्ज या संकेतस्थळावरून त्याच्या मैफली रीतसर विकत मिळू लागल्या. त्या वर्षीच्या दौऱ्यापासूनच्या मैफली तर तिथे आहेतच, शिवाय जुन्या मैफलींची एक स्वतंत्र संग्रहमालिकाही सुरू झाली आणि तिच्यात गेल्या पाच दशकांतल्या निवडक रात्री एकामागून एक येत गेल्या. सीडी, एमपी३ किंवा अधिक तपशील राखणारे फ्लॅक अशा कोणत्याही रूपात पूर्ण मैफल घेता येते, आणि प्रत्येक मैफलीबरोबर त्या रात्रीचे वेगळेपण सांगणारे टिपण असते. ज्यांच्याकडे बरे स्पीकर किंवा हेडफोन आहेत त्यांनी फ्लॅकच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ध्वनीच्या दर्जाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जुन्या मैफली घेताना मनात हीच शंका असते. ज्या मैफलींच्या मल्टिट्रॅक टेप, म्हणजे आवाज आणि वाद्ये वेगवेगळी उतरवलेल्या टेप, उपलब्ध आहेत त्यांचे मिक्सिंग ध्वनितंत्रज्ञ जॉन ऑल्टशिलर यांनी नव्याने केले आहे, आणि टेप चालताना वेगात होणाऱ्या सूक्ष्म चढउतारांमुळे स्वर हलतो तो दोष प्लँजंट प्रोसेसेस या तंत्राने दूर केला आहे. स्प्रिंगस्टीनच्या बँडमधल्या रॉय बिटन याच्या पियानोत हा फरक सर्वांत आधी जाणवतो. जुन्या बूटलेगमध्ये त्याचे लांब स्वर किंचित थरथरत असत, इथे ते काचेसारखे स्वच्छ आणि स्थिर उभे राहतात. त्याच बँडमधल्या गॅरी टॅलंटचा बास गिटारचा स्वरही, जो कॅसेटवर केवळ गुरगुर म्हणून ऐकू येई, इथे एक स्वतंत्र चाल म्हणून ओळखता येतो. काही ठिकाणी श्रोत्यांचा आवाज जरा जास्तच मागे ढकलला आहे, असे मला वाटते. प्रेक्षागृह कधी उसळले आणि कधी गप्प झाले हे कळले नाही, तर या गायकाच्या बाबतीत अर्धी मैफलच निसटते.

या संग्रहातले सोने १९७८ च्या दौऱ्यात आहे, यावर चाहत्यांत फारसा मतभेद नाही. त्या वर्षी इतकी धग कुठून आली हे समजायला मागची दोन वर्षे पाहावी लागतात. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘बॉर्न टू रन’ आला, ऑक्टोबरात ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्याला मुखपृष्ठावर घेतले; आणि लगेच पुढच्या वर्षी व्यवस्थापक माइक अपेल याच्याशी त्याचा कोर्टात वाद सुरू झाला. १९७७ च्या मे महिन्यात तडजोड होईपर्यंत त्याला नवा अल्बम ध्वनिमुद्रित करता आला नाही. ऐन पंचविशीत कीर्ती आली आणि हातातले काम मात्र बंद पडले. या काळात तो जागोजागी कार्यक्रम करत राहिला आणि गाणी लिहीत राहिला, इतकी की १९७८ च्या जूनमध्ये आलेल्या ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’मध्ये न बसलेल्या गाण्यांचा एक स्वतंत्र संच २०१० साली काढावा लागला.

या दौऱ्यातल्या पाच मैफली रेडिओवरून थेट प्रसारित झाल्या. जुलैत लॉस एंजेलिसचे रॉक्सी, ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडचे अगोरा, सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या पसेकचे कॅपिटल थिएटर आणि अटलांटाचे फॉक्स थिएटर, आणि डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोचे विंटरलँड. घरोघरी लोकांनी त्या कॅसेटवर उतरवून घेतल्या आणि त्या कॅसेटच्या प्रतींवरूनच त्याच्या मैफलींची ख्याती अशा गावांत पोहोचली जिथे तो कधी गेलाही नव्हता. ‘प्रूव्ह इट ऑल नाइट’ हे गाणे अल्बमवर चारेक मिनिटांत संपते. मंचावर त्याआधी पियानो एकटाच वाजू लागतो, त्यावर गिटार हळूहळू चढत जाते, आणि मूळ गाण्याचा पहिला शब्द येईपर्यंत श्रोता पुरता ताणलेला असतो. आजही जुने चाहते या गाण्याच्या नावापुढे ‘अठ्ठ्याहत्तरचे’ असे आवर्जून जोडतात, कारण त्यांच्या लेखी ते वेगळेच गाणे आहे. अगोरा आणि विंटरलँड या दोहोंत मी अगोराला झुकते माप देईन, कारण ती जागा लहान आहे आणि गायक श्रोत्यांच्या श्वासाइतका जवळ असल्याचे ध्वनिमुद्रणातही कळते.

या तुलनेत १९८६ सालचा ‘लाइव्ह १९७५–८५’ हा पाच एलपींचा, चाळीस गाण्यांचा संच मला आता अपुरा वाटतो. तो निघाला तेव्हा त्याचे अप्रूप मोठे होते आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला होता. परंतु दहा वर्षांतले वेगवेगळे तुकडे जोडून केलेल्या मैफलीला एका रात्रीचा चढउतार कसा येणार? तरीही तो संच विकून टाकावा असे मी म्हणणार नाही, आणि त्याला एकच कारण पुरेसे आहे. १९८५ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये ‘द रिव्हर’ गाण्याआधी स्प्रिंगस्टीन आपल्या वडिलांची गोष्ट सांगतो. लांब केसांवरून रोज होणारी भांडणे, सैन्यात गेलास की ते तुला माणूस बनवतील असे वडिलांचे वारंवार म्हणणे, मग व्हिएतनामच्या काळात सैन्यभरतीच्या तपासणीचे बोलावणे येणे, मित्रांबरोबर भीतीने घालवलेल्या रात्री, आणि तपासणीत नापास होऊन तो घरी परततो तेव्हा स्वयंपाकघरात बसलेल्या वडिलांनी काय झाले विचारून, ‘बरे झाले’ एवढेच म्हणणे. त्या दोन शब्दांनंतर हार्मोनिका सुरू होते. कीर्तनात पूर्वरंग नीट रंगला की उत्तररंगातले आख्यान ऐकणाऱ्याच्या आतपर्यंत जाते, तसे इथे घडते. ‘द रिव्हर’ तत्पूर्वी मी शंभरदा ऐकले असेल, पण ते गाणे बाप आणि मुलाच्या शेजारी ठेवूनही ऐकता येते हे मला त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणाने शिकवले.

माझे म्हणणे नेमके हेच आहे, की स्प्रिंगस्टीनचे गाणे स्टुडिओत संपत नाही. तो ते पुन्हा पुन्हा मंचावर आणतो आणि काळ बदलला की त्याचा अर्थही बदलू देतो. ‘माय सिटी ऑफ रुइन्स’ हे गाणे त्याने ओस पडलेल्या अ‍ॅस्बरी पार्क या समुद्रकाठच्या शहरासाठी लिहिले आणि २००० च्या डिसेंबरात तिथल्याच कन्व्हेन्शन हॉलमध्ये गायले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर दहा दिवसांनी मदतनिधीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते आले तेव्हा उद्ध्वस्त शहर म्हणजे कोणते हे कोणाला सांगावे लागले नाही. २००६ साली चक्रीवादळाने मोडलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात तेच शब्द त्या शहराचे झाले. आणि २०१२ च्या दौऱ्यात त्याच गाण्याच्या मध्यावर तो वादकांची ओळख करून देई आणि आपल्यातले कोणी नाही का, असे श्रोत्यांना विचारी. ऑर्गन वाजवणारा डॅनी फेडेरिची २००८ मध्ये आणि सॅक्सोफोन वाजवणारा क्लॅरन्स क्लेमन्स २०११ मध्ये गेला होता. शहरासाठी लिहिलेला विलाप आता मित्रांसाठी झाला होता. या गाण्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या ध्वनिमुद्रणांना मी एका यादीत लावून ठेवले आहे आणि ती यादी सलग ऐकणे हा वेगळाच अनुभव आहे.

‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ची कथा याहून जुनी. १९८२ च्या जानेवारीत घरी केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणात ते एकट्या गिटारवरचे उदास गाणे होते. १९८४ मध्ये मॅक्स वाइनबर्गच्या ढोलांनी आणि सिंथेसायझरच्या गर्जनेने त्याचा असा काही विजयघोष झाला की व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाचे दुःख अनेकांना ऐकूच आले नाही आणि त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीत येऊन स्प्रिंगस्टीनचे नाव घेतले. १९९५ नंतरच्या एकट्याच्या दौऱ्यात त्याने हे गाणे स्लाइड गिटारवर, जवळजवळ चाल काढून टाकून गायले. ते ऐकताना पुण्यातल्या माझ्या कॅसेटवर मी काय ऐकत होतो, याचा मला नव्याने विचार करावा लागला.

या माझ्या मताला एक मोठा अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्याने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या घरी चार ट्रॅकच्या साध्या टॅस्कॅम यंत्रावर उतरवला, ती कॅसेट डबीशिवाय खिशात घालून तो हिंडला, वादकांना घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली आणि अखेर १९८२ मध्ये ती खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. वादकांबरोबरची ती मुद्रणे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. ती मी उत्सुकतेने ऐकली, त्यांत जोर आहे. पण ओसाड रात्रीचा तो एकाकीपणा त्यांत नाही, आणि मंचावरच्या कोणत्याही आवृत्तीत मला तो सापडलेला नाही. ‘नेब्रास्का’ जसा आहे तसाच घ्यावा, शक्यतो रात्री एकट्याने ऐकावा. १९९२ मध्ये एकाच दिवशी आलेल्या ‘ह्यूमन टच’ आणि ‘लकी टाउन’ या जोडीवर मात्र आधी पैसे घालू नयेत.

प्रत्यक्ष मैफलींबद्दल चाहत्यांत अलीकडे दोन तट पडले आहेत. २०२२ मध्ये तिकिटे विक्रीला आली तेव्हा मागणीनुसार किंमत वाढवण्याच्या पद्धतीमुळे काही जागांचे दर हजारो डॉलरांवर गेले. कामकरी माणसाची गाणी गाणाऱ्याच्या मैफलीला कामकरी माणसालाच जाता येऊ नये, ही वेदना मलाही झाली. १९८० पासून चाललेले ‘बॅकस्ट्रीट्स’ हे चाहत्यांचे प्रकाशन याच निराशेतून २०२३ च्या आरंभी बंद झाले. दुसरा आक्षेप गाण्यांच्या यादीवर होता. पूर्वी श्रोते फलकांवर फर्माइशी लिहून आणत, तो ते फलक गोळा करी आणि कित्येक वर्षांत न वाजलेले गाणे वादकांकडून जागीच काढून घेई. २०२३ मध्ये यादी जवळजवळ ठरलेली राहिली.

त्या वर्षी न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफोर्डच्या स्टेडियममधल्या तीन रात्रींपैकी मधल्या रात्री मी होतो. त्र्याहत्तराव्या वर्षी मध्यंतर न घेता सुमारे तीन तास तो उभा होता. आवाजाची वरची धार थोडी कमी झाली असली तरी शब्द टाकण्याची नेमकी जागा आणि श्वासाची शिस्त तशीच होती. किशोरवयातल्या पहिल्या बँडमधला मित्र जॉर्ज थीस गेला आणि त्या बँडचा आपण एकटाच उरलो, हे सांगून त्याने ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ गायले. क्लॅरन्सच्या जागी त्याचा पुतण्या जेक सॅक्सोफोन वाजवत होता आणि मोठ्या पडद्यावर क्लॅरन्स व डॅनी दिसत होते. यादी का बदलली नाही याचे उत्तर मला तिथे मिळाले, कारण ती रात्र एका सलग निवेदनासारखी बांधली होती आणि मधला एखादा दुवा काढला असता तर पुढचे काही उभे राहिले नसते. पण ज्यांनी चार-पाच रात्रींची तिकिटे काढली होती त्यांची खंतही खरी आहे, आणि आजारपणामुळे पुढे ढकललेल्या मैफली २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर याद्या बऱ्याच मोकळ्या झाल्या याचा मला मनापासून आनंद आहे. दुसऱ्या एका शहरात वरच्या मजल्यावरच्या जागेवरून ऐकलेली मैफल मात्र प्रतिध्वनीत बुडून गेली होती. स्टेडियममध्ये जाणार असाल तर कमी रात्री जा, पण मंचासमोरची जागा घ्या.

भारतात तो १९८८ च्या ३० सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये गायला, मानवी हक्कांसाठी निघालेल्या दौऱ्यात, पीटर गेब्रिएल, स्टिंग, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन्दूर यांच्याबरोबर. त्या रात्री तिथे असलेले कोणी वाचक असतील तर त्यांच्याकडून ऐकायला मला फार आवडेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ‘डार्कनेस’ अल्बम दोनदा ऐकावा आणि लगेच १९७८ ची अगोरा मैफल घ्यावी. त्यानंतर १९८० च्या ३१ डिसेंबरची लाँग आयलंडवरच्या नासाऊ कोलिझियमची मैफल आहे. तिच्यात अडतीस गाणी आहेत. ती तुकड्यातुकड्याने ऐकू नये, पूर्ण संध्याकाळ मोकळी असेल त्या दिवसासाठी राखून ठेवावी.