सीपीसी टिकवणं परवडतं का? अमळनेरहून घरबसल्या काम करतानाचा अनुभव

आमच्याकडे मेडिकल कोडिंगच्या (पेशंटच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी आजार-उपचारांचे कोड लावायच्या) क्लासची जाहिरात अजून 'एकदा पास व्हा, आयुष्यभर कमवा' अशीच चालते. पहिला अर्धा भाग खरा आहे. सीपीसी या मेडिकल कोडरच्या अमेरिकी सर्टिफिकेटची परीक्षा एकदाच द्यायची: १०० प्रश्न, चार तास, पासिंग ७० टक्क्यांना, पुस्तकं समोर उघडी. पण नावापुढची ती तीन अक्षरं ठेवायची तर ते देणाऱ्या एएपीसी या संस्थेची मेंबरशिप चालू लागते आणि दर दोन वर्षांनी ३६ सीईयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे गुण, दाखवावे लागतात. याबद्दल क्लासवाल्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मी शिरपूरची बी.फार्म., पुण्याच्या एका कंपनीसाठी अमेरिकेतल्या ओपीडीचे चार्ट घरून कोड करते. पहिलं रिन्यूअल पार पडलंय, दुसरं चालू आहे.

आधी पैशाचं बोलू. फी डॉलरमध्ये असते, त्यामुळे तिकडे एक सेंट वाढला नाही तरी रुपया घसरला की इकडे वाढते. वर कार्डाचं वेगळंच. माझ्या बँकेचा परदेशी व्यवहाराचा मार्कअप साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० डॉलरमागे ४ डॉलर १३ सेंट नुसतेच जातात. कमी मार्कअपचं कार्ड घरात कुणाकडे आहे ते आधी विचारा, आणि इंटरनॅशनल व्यवहार आदल्या दिवशीच चालू करून ठेवा. रक्कम ऐकून आजी म्हणाली, "इतला पैसा कसाले व?" प्रश्न रास्तच होता.

पुस्तकांचा खर्च मात्र लोक उगाच धरतात. परीक्षेला सीपीटी (तपासण्या-उपचारांचे कोड), आयसीडी (आजारांचे) आणि एचसीपीसीएस (औषधं, साहित्य वगैरेंचे) अशी तिन्ही लागतात, रिन्यूअलला एकही नाही. रोजच्या कामाला कंपनीचा एन्कोडर, म्हणजे कोड शोधायचं सॉफ्टवेअर, असतो. आयसीडी-१०-सीएम तर अमेरिकी सरकारच्याच साइटवर फुकट मिळतं, गाइडलाइन्ससकट. सीपीटी तसं मिळत नाही, कारण त्याचा कॉपीराइट अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहे.

सीईयूला पैसे जवळजवळ लागत नाहीत, झोप लागते. एक तास म्हणजे साधारण एक सीईयू. तिकडे ईस्टर्न टाइमने दुपारी एकचा लाइव्ह वेबिनार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सकाळच्या शिफ्टला बसायचं असेल तर हे फार दिवस झेपत नाही. रेकॉर्डेड वेबिनार, मासिकातल्या चाचण्या आणि कंपनीच्या मान्यताप्राप्त ट्रेनिंगवर माझं बरंचसं भागलं. सर्टिफिकेट हातात आलं की त्याच दिवशी ट्रॅकरमध्ये चढवा आणि पीडीएफ ठेवून द्या. ऑडिटला नाव निघालं तर ती मागतात. दर्जाचं म्हणाल तर निम्मे वेबिनार स्लाइड वाचून दाखवण्याच्या लायकीचे असतात.

उरलेले निम्मे मात्र पगार वाचवतात. आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी १ जानेवारीला. २०२१ पासून ओपीडी व्हिजिटची लेव्हल हिस्टरी आणि तपासणीचे मुद्दे मोजून ठरत नाही, वैद्यकीय निर्णयावर किंवा वेळेवर ठरते. मधुमेह आणि बीपी, दोन्ही आटोक्यात, डॉक्टरांनी गोळ्या तपासून पुढे चालू ठेवल्या, की एस्टॅब्लिश्ड, म्हणजे आधीपासूनच्या, पेशंटला व्हिजिटचा ९९२१४ हा कोड बसतो. जुन्या सवयीचा कोडर तिथे एक पायरी खालचा ९९२१३ टाकतो, आणि क्वालिटीवाले अंडरकोडिंगची एरर देतात. तसेच फोनवरच्या सल्ल्याचे ९९४४१ ते ९९४४३ हे कोड १ जानेवारी २०२५ पासून बादच झाले. हे मला कळलं ते सीईयूसाठी ऐकलेल्या एका वेबिनारमध्ये, टीमच्या मेलच्या बरंच आधी. आमचा इन्सेन्टिव्ह क्वालिटीच्या टक्क्यांवर आहे, त्यामुळे याची किंमत मला रुपयांत मोजता येते. बाकी मे महिन्यात टी६७.०१ हा उष्माघाताचा कोड दिसला की अमेरिकेतला पेशंटही भुसावळचाच वाटतो, ते सोडा.

आता खान्देशापुरतं. इथल्या हॉस्पिटलमध्ये सीपीसीला काही भाव नाही. मैत्रीण जळगावात एका दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कवर आहे. तिचं काम म्हणजे कॅशलेसच्या फायली, टीपीएची (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्यांची) क्वेरी, जन आरोग्य योजनेचं पॅकेज. तिथे ९९२१४ कुणाला माहीत असायचं कारण नाही. म्हणजे हे सर्टिफिकेट चालतं ते अमेरिकेच्या क्लेमवर, पुणे, हैदराबाद, चेन्नईच्या कंपन्यांत. ते काम घरून मिळत असेल तर अमळनेरात राहून पुण्याचं भाडं वाचतं. आणि खरं सांगायचं तर माझी फी त्या वाचलेल्या भाड्यातूनच निघते.

नोकरीच नसेल तर गणित उलटं. पास झाल्यावर अनुभव नसेल तर आधी सीपीसी-ए (ए म्हणजे अप्रेंटिस, शिकाऊ) मिळतं, आणि तो 'ए' काढायला साधारण दोन वर्षांच्या कामाची पत्रं लागतात. आमच्या भागात पास होऊन घरी बसलेल्या बऱ्याच मुली आहेत, रिन्यूअलची तारीख जवळ आली की त्यांचे फोन येतात. मुलाखती चालू असतील तर भर, असं मी सांगते, कारण लॅप्स झालेलं सर्टिफिकेट एचआर पडताळणीत पकडतं. सहा-आठ महिने एकही कॉल नसेल तर तेच पैसे आधी नॉन-सर्टिफाइड फ्रेशर घेणारी कंपनी शोधायला, पुण्याला जाण्या-येण्यात घाला. कंपनीत लागलेल्या मुलींनी मात्र अनुभवाचं पत्र वेळेत मागून 'ए' काढून घ्यावा. पगाराची बोलणी त्यानंतरच नीट होतात.

एक सहकारी अहिमा या दुसऱ्या अमेरिकी संस्थेच्या सीसीएस सर्टिफिकेटवाली आहे. तिला दोन वर्षांत २० सीईयू पुरतात. हेवा वाटतो, पण ती हॉस्पिटलच्या इनपेशंट चार्टवर आहे, माझ्या ओपीडीला सीपीसीच बरं.

आता कंपनी रिस्क अ‍ॅडजस्टमेंटचं (पेशंट किती आजारी त्यावर विम्याच्या पैशाचं गणित ठरवण्याच्या कामाचं) सीआरसी हे एएपीसीचंच आणखी एक सर्टिफिकेट घे म्हणतेय. मेंबरशिप एकच राहते, पण सीईयू ३६ चे ४८ होतात, म्हणजे आणखी बारा तास. परीक्षेची फी भरतो म्हणालेत. पास झाल्यावर हातात किती वाढणार ते मेलवर लिहून द्या, असं एचआरला कळवलंय. उत्तर आलं की ठरवते.