एकाच पिठीच्या पातोळ्या आणि एला अडा: तयार तांदूळपिठीचा अनुभव

मुलीच्या शाळेत ऑगस्टमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराची ओळख सांगणारा एक शाकाहारी पदार्थ आणायचा होता. माझे माहेर मालवणचे आणि सासर त्रिशूरचे असल्यामुळे ‘आपले घर म्हणजे नेमके कोणते?’ असे तिने मला विचारले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या व केळीच्या पानातला एला अडा एकाच उकडीतून करायचे ठरवले. मल्याळम बोलीत पानाला एला म्हणतात. तांदळाचे आवरण, आत ओले खोबरे व गूळ, वरून दुमडलेले पान आणि वाफ, इतके सारे दोन्हींकडे सारखे आहे. घर बदलते ते पानाच्या वासात.

अडचण पिठीची होती. माझी आई पातोळ्यांसाठी तांदूळ भिजवून वाटते, तर सासूबाई, म्हणजे मुलीची अच्चम्मा, भाजलेल्या पिठीत कढत पाणी घालून मळतात. दोन्ही पानांवर चालेल अशी पिठी हवी होती, म्हणून आमच्या वाण्याकडे मिळणारी, धुऊन वाळवलेल्या आंबेमोहर तांदळाची म्हणून विकली जाणारी अर्ध्या किलोची पिशवी आणली आणि कार्यक्रमाआधी दोन वेळा करून पाहिली.

पिठी बारीक आहे, चाळणीत जवळजवळ काहीच उरत नाही, आणि पाणी उकळताच तांदळाचा सौम्य सुवास येतो. पहिल्या वेळी एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल हे मोदकाचे प्रमाण घेतले. हळदीच्या पानावर आवरण पातळ व एकसारखे थापता आले, वाफवल्यावर पानाच्या शिरांची नक्षी स्वच्छ उमटली आणि पान सोलताना कुठेही फाटले नाही. केळीच्या पानावर मात्र तीच उकड कोरडी पडून दुमडताना कडेला चिरली. दुसऱ्या वेळी पाणी सव्वा वाटी घेतले, उकड दहा मिनिटे झाकून ठेवली आणि हाताला तेल लावून पुष्कळ मळली, तेव्हा अडाही नीट दुमडला गेला. केळीचे पान आधी मंद आचेवर फिरवून मऊ करावे लागते, नाहीतर ते घडीवर तुटते. हळदीच्या पानाला याची गरज पडत नाही. दोन्हींना साधारण 15 मिनिटे वाफ पुरली.

पिठीची खरी कसोटी गार झाल्यावर लागली. सकाळी सात वाजता वाफवलेले पदार्थ अकरा वाजता खाल्ले जाणार होते, आणि पहिल्या वेळचे आवरण तोवर चिवट झाले होते. सासूबाईंनी फोनवर सुचवल्याप्रमाणे निम्म्या पाण्याऐवजी नारळाचे दूध घातल्यावर ते बरेच मऊ राहिले. पाने न काढता, ओल्या फडक्यात गुंडाळून डबा भरणेही उपयोगी पडले. सारणात मी काजू घातले नाहीत, कारण शाळेने सुक्यामेव्याला मनाई केली होती. वेलची आणि थोडे जायफळ पुरेसे होते.

या पिठीविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे. पिशवीवर दळल्याची तारीख नाही, आणि दुसरी पिशवी पहिलीपेक्षा स्पष्टपणे जुनी निघाली. तिची उकड कितीही मळली तरी भुगभुगीतच राहिली. शाळेसाठी पंचवीस नग करायचे असताना हा भरवसा फार महत्त्वाचा असतो. त्यामुळे मोठ्या प्रमाणात करण्यापूर्वी प्रत्येक पिशवीतील एक वाटी पिठी आधी उकडून पाहावी.

किंमत साध्या तांदूळपिठीच्या दीडपट आहे, तरी धुणे, सावलीत वाळवणे व दळणे यांचा वेळ पाहता मला ती पटली. पानांसाठी मात्र वाण्यावर विसंबू नये: हळदीची पाने नागपंचमीच्या सुमारास दादरच्या बाजारात भरपूर मिळतात, केळीची पाने माटुंग्यात वर्षभर मिळतात. मुलीने डब्यातले दोन्ही पदार्थ शेजारी शेजारी मांडले आणि बाईंना सांगितले की डावीकडचे आजीचे आहे, आणि उजवीकडचे अच्चम्माचे.